पाटी पुसणारी खुर्शीदा

सुदुंबऱ्याच्या हॅचरीत खुर्शीदाला सगळे 'कॉम्प्युटरवाल्या ताई' म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडे. बावीस वर्षांपूर्वी ती तिथं लागली ती अंडी तपासायला. अंधाऱ्या खोलीत दिव्यावर अंडं धरायचं, आत जीव धरलाय का बघायचं, नसेल तर बाजूला काढायचं. सोमाटण्याहून नवऱ्याच्या, नवाजच्या मोटारसायकलवर मागं बसून यायची आणि संध्याकाळी डोळे चोळत परत जायची. पुढं कॉम्प्युटर आला, तेव्हा बाकीचे चार हात लांब उभे राहिले आणि ही पुढं झाली. एवढाच काय तो फरक.

हॅचरीत सहा मोठी उबवणी यंत्रं. आतलं तापमान साडेनव्याण्णव अंश फॅरनहाइटवर राहायला हवं. चार-पाच अंश वर जाऊन तिथंच राहिलं, तर पिल्लं अंड्यातच दगावतात. त्यावर नजर ठेवायला तळेगावच्या श्रीयश नावाच्या इंजिनिअरनं प्रोग्राम लिहून दिले होते. एकेका यंत्राचं तापमान मोजणारे सहा, ते सगळं गोळा करणारा एक, आणि पडद्यावर आकडे दाखवून वेळ पडल्यास भोंगा वाजवणारा एक. राहायला सगळे एकाच कॉम्प्युटरात, पण एकानं दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही असा तिथला नियम. जे बोलायचं ते सॉकेटमधून, म्हणजे दोन प्रोग्रामांमधल्या बोलण्याच्या वाटेनं.

श्रीयशनं तिला हे चहाच्या दोन कपांत समजावलं होतं. गोळा करणारा प्रोग्राम आपल्या नावाची एक फाइल ठेवतो. ती दारावरची पाटी. ज्याला बोलायचंय तो त्या पाटीचं नाव घेऊन कर्नलकडं जातो. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. तो दोघांची गाठ घालून देतो, एकाचे शब्द आपल्याजवळ रांगेत ठेवतो आणि दुसऱ्यानं उचलले की रांग पुढं सरकवतो. समोरचा उचलतच नसेल आणि रांग भरली, तर बोलणाऱ्याला थांबवून धरतो. खुर्शीदाला हा कारभारी फार पटला. माणसांच्या कचेरीत एवढी शिस्त तिनं कधी पाहिली नव्हती.

पण या कारभाऱ्याची एक खोड होती. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाई. जनरेटर सुरू होईतो कॉम्प्युटर बंद पडे, प्रोग्राम मरत, आणि मेलेल्याची पाटी मात्र तशीच लटकत राही. वीज आल्यावर नवा प्रोग्राम त्याच नावानं बसायला गेला की कर्नल म्हणे, हे नाव घेतलेलं आहे. ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढावी, आपण हात लावणार नाही, असा त्याचा खाक्या. म्हणून श्रीयशनं खुर्शीदाला बजावलं होतं: आधी आज्ञा देऊन बघायचं, जुना जिवंत आहे का. तो मेलेला असेल तरच पाटी पुसायची आणि नवा सुरू करायचा. दोन वर्षं तिनं हे नेमानं केलं.

ती नसली की कॉम्प्युटरपाशी धोंडिबा बसे. वय सत्तावन्न, काम अंड्यांचे ट्रे ओढायचं, लिहिण्यावाचण्याशी बेताचीच ओळख. गुरुवारी ती रजेवर असली की त्याचा फोन ठरलेला: काय दाबू, कुठं दाबू, हे काय लिहून आलंय. एकदा नणंदेच्या घरी साखरपुड्यात तिला पाऊण तास फोन कानाला लावून उभं राहावं लागलं. सोमवारी कामावर आल्या आल्या तिनं पडद्यावर एक लाल चौकोन करून ठेवला. तो दाबला की पाटी पुसली जाई आणि गोळा करणारा व दाखवणारा नव्यानं सुरू होत; मोजणारे सहा वीज आल्यावर आपोआपच उठत. जुना जिवंत आहे का हे बघणं तिनं त्यातून वगळलं. वीज गेल्यावर तो मेलेलाच असतो, मग बघायचं कशाला? श्रीयशला तिनं हे सांगितलं नाही. आळसाला नेहमीच चांगलं कारण सापडतं.

पुढं एका गुरुवारी ती मुलीच्या शाळेत गेली होती. अकराच्या सुमाराला पडद्यावरचे आकडे हलेनासे झाले. त्या दिवशी वीज गेलीच नव्हती. दाखवणारा प्रोग्राम तेवढा अडकला होता. धोंडिबानं शिकवल्याप्रमाणं लाल चौकोन दाबला. आकडे नव्यानं उमटले आणि तो निर्धास्त झाला.

खुर्शीदा अडीचला आली. अंडी तपासायच्या दिवसांपासून तिला एक सवय होती: यंत्रातलं एखादं अंडं काढून मिटलेल्या पापणीला लावून बघायचं. श्रीयश त्यावरून तिची थट्टा करी. तीन नंबरच्या यंत्रातलं अंडं पापणीला लागलं आणि तिनं झटकन हात मागं घेतला. पडदा साडेनव्याण्णव सांगत होता. आतला काचेचा थर्मामीटर एकशे चारवर होता. तिनं अडकून चालूच राहिलेला हीटर तोडला, दारं उघडली, धोंडिबाला पाणी फवारायला लावलं. अठराव्या दिवसाची एकोणीस हजार अंडी होती. त्यातली सात हजार कशीबशी वाचली.

मग तिनं कर्नलकडून सॉकेटांची यादी मागवली, आणि दहा मिनिटांत तिला सगळं कळलं. यादीत एकाच नावाचे दोघे बसले होते. पाटी पुसली म्हणून आत चाललेलं बोलणं थांबत नाही. कर्नलनं एकदा गाठ घालून दिली की ती पाटीवर अवलंबून राहत नाही. सहाही मोजणारे जुन्याशीच जोडलेले होते आणि इमानानं त्यालाच आकडे सांगत होते. नवीन पाटी लावून बसलेल्या दुसऱ्याकडं फक्त पडदा आणि भोंगा आला होता. त्याला कुणी काही सांगतच नव्हतं, म्हणून तो कॉम्प्युटरात साठवलेले शेवटचे जुने आकडेच दाखवत राहिला. कर्नलचं काहीच चुकलं नव्हतं. चुकला होता तो लाल चौकोन.

तिनं यादी बंद केली आणि ती मूग गिळून बसली.

मालक गंगाधरशेठ गावाला गेले होते, ते रविवारी येणार होते. तोवर हॅचरीभर बोललं जाऊ लागलं, की धोंडिबानं भलतंच काहीतरी दाबलं. तोही ते नाकारत नव्हता. शेठ आता घरी बसवणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. शनिवारी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, लय मोटी चूक झाली माज्याकडनं. तुमी एक सबूद टाकला तर शेठ ऐकत्याल." खुर्शीदानं बघते म्हणून सांगितलं. ते सांगताना तिला स्वतःची शिसारी आली, आणि तरीही ती गप्पच राहिली. वीस वर्षांनी मिळालेली ती खुर्ची तिला सोडवत नव्हती.

रविवारी शेठनी धोंडिबाचा हिशेब करायला सांगितलं, तेव्हा मात्र तिला राहवेना. चोर सोडून संन्याशाला फाशी तिच्या डोळ्यांदेखत चालली होती. तिनं केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं: चौकोन तिचा, वगळलेली पायरी तिची, दाबणाऱ्यानं शिकवलं तेच केलं. शेठनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, यंत्रच ते, होतं असं कधीकधी. श्रीयशला बोलावून घ्या आणि त्यात कायमचं कुलूप बसवून टाका, म्हणजे जुना जिवंत असताना नवा सुरूच होणार नाही. धोंडिबाचा हिशेब थांबवा. एवढ्यावर विषय मिटला.

तिला सुटल्यासारखं झालं. ती तशीच ट्रेच्या खोलीत गेली आणि तिनं धोंडिबाला सांगितलं: तुमची चूक नव्हती, माझी होती, नोकरी राहिली. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल अशी तिची अपेक्षा होती. त्यानं हातातला ट्रे खाली ठेवला.

"तुमाला कवा कळलं ह्ये?"

"गुरुवारीच."

धोंडिबानं मान डोलावली. "माजी चूक व्हती तवर माजा हिशेब चालला व्हता," तो म्हणाला. "तुमची निगाली, तर इंजिनेर बोलावला."

आवाज त्यानं जरासुद्धा चढवला नव्हता. त्यानं ट्रे पुन्हा उचलला, आणि त्याला जायला वाट मिळावी म्हणून ती दारातून बाजूला झाली.