अब्बांच्या पत्रावर सलीमचा इलाज

“डॉक्टर, खलास. अनफिट लिखो,” जासिमने माझ्या टेबलावर फाइल ठेवली.

जासिम आमचा सेफ्टी मॅनेजर. बहरीनचाच, पण हिंदी माझ्यापेक्षा भराभर बोलतो. अस्कर गावाच्या बाजूला एका कास्टिंग वर्कशॉपच्या क्लिनिकमध्ये मी डॉक्टर आहे. कास्टिंग म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतणं. ज्याच्या फिटनेस सर्टिफिकेटवर माझी सही असेल, तोच भट्टीजवळ उभा राहू शकतो.

फाइल सलीमची होती. कोकणातला, म्हसळ्याकडचा, चाळिशीचा, अकरा वर्षं भट्टीवर. जून महिन्यात दोनदा चक्कर येऊन पडला. दुसऱ्यांदा पडला तो भट्टीपासून चार पावलांवर.

“तिसरी बार अंदर गिरेगा,” जासिम म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. पण अनफिट लिहिलं की भट्टीचं काम गेलं, दुसरीकडे कायमची जागा नव्हती, आणि व्हिसा कामावर. म्हणजे सलीम घरी.

“दो हफ्ता दो. तब तक स्टोअर में रखो,” मी म्हटलं.

“दो हफ्ता. पक्का.” या माणसाने तारखेला इंशाल्ला जोडलं नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सलीमचा ईसीजी चांगला, शुगर चांगली, हृदयाची सोनोग्राफी चांगली. रक्त आणि लघवीचे रिपोर्ट मात्र सांगत होते की अंगात पाणीही कमी आहे आणि मीठही. भट्टीवर उन्हाळ्यात हे होतं, म्हणून तर आम्ही दर तासाला क्षार घातलेलं पाणी देतो. बाकीचे ठणठणीत होते. मग ह्यालाच काय झालं?

उत्तर सोबत आलेल्या रफिकने दिलं; तोही भट्टीवरच असतो, आणि सलीमचा रूममेट. मनामाच्या गुदैबिया भागात एका फ्लॅटमध्ये ते पाच जण राहतात.

“मॅडम, हा पाणी मोजून पितो. चार ग्लास, बस. तुमचं ते क्षारवालं मला देतो. नि जेवण अळणी! मच्छीसुद्धा बिनमिठाची. खाली मांजर आहे ना, ती पण तोंड लावत नाय.”

“तू गप रे,” सलीम म्हणाला. मग त्याने पाकिटातून घडी घातलेला एक कागद काढला. कागद प्लास्टिकमध्ये बसवलेला होता आणि घडीवर पांढरा पडला होता.

निळ्या शाईतलं सुंदर मराठी अक्षर. ‘सप्रेम नमस्कार. पत्र मिळाले. मीठ पूर्ण बंद. लोणचे, पापड, सुकी मच्छी बंद. पाणी दिवसाला चार ग्लास, जास्त नाही. रोज सकाळी पायावर बोट दाबून खड्डा राहतो का पाहणे. घाबरू नये, नियम पाळावा. भाऊ.’ खाली लघवी वाढवणारी एक गोळी लिहिली होती. ती आता बाजारात येत नाही, त्यामुळे गुदैबियाच्या फार्मसीत मिळाली नव्हती. नशीब.

“हे कुणाला लिहिलंय?”

“अब्बाला. अब्बा इथे मनामात गोदामात होते. चाळिशीत हृदय कमजोर झालं. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडे महिने. गावाकडच्या भाऊ डॉक्टरांनी पत्रावर बारा वर्षं जगवलं. मला ह्या वर्षी चाळीस लागलं. मार्चमध्ये सुट्टीवर गेलो तर विमानातून उतरल्यावर पायाला सूज. आईने ट्रंकेतून पत्र काढून दिलं.”

कमजोर हृदयाच्या माणसाच्या अंगात पाणी साचतं आणि मीठ ते धरून ठेवतं. म्हणून दोन्ही कमी करायचं. सल्ला अगदी बरोबर होता. अब्बांसाठी. विमानात तासन्‌तास बसून कुणाच्याही पायाला सूज येते.

हे मी सलीमला चित्र काढून समजावलं. त्याने मान हलवली. चार दिवसांनी स्टोअरमध्येच त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. पाणी चार ग्लास, जेवण अळणी.

“तुमचं बरोबरच असेल, मॅडम,” तो नम्रपणे म्हणाला. “पण भाऊंनी सांगितल्याशिवाय कसं मोडू?”

मला राग आला. मग वाटलं, बारा वर्षं ज्याने बाप दिला त्याचं नाही ऐकायचं, तर काय माझं? मी भाऊंचा नंबर मागितला.

भाऊ डॉक्टर पंच्याऐंशीच्या पुढचे. प्रॅक्टिस बंद, आवाज खणखणीत.

“फोनवर मी सल्ला देत नाही, बाई. फोनवरचं अर्धं ऐकतात आणि उरलेलं आपल्या मनाचं घालतात. लिहून पाठवा. घाई असेल तर फोटो पाठवा, सूनबाई दाखवेल.”

युरोपात अठराव्या शतकात नावाजलेले डॉक्टर असंच काम करीत. रोगी लांबलचक पत्रात आपलं दुखणं लिही, डॉक्टर त्याला न पाहता उत्तर धाडी. घरोघरी ती उत्तरं जपून ठेवत. कॉलेजात हे ऐकून आम्ही हसलो होतो. आता तीच प्रॅक्टिस म्हसळ्याच्या बाजूला चालू होती. आखातात गेलेली अख्खी पंचक्रोशी भाऊंना पत्रं लिहीत आली होती.

मी दोन पानं लिहिली. वीस वर्षांनी मराठीत केस लिहिताना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी उत्तराचा फोटो आला.

‘डॉक्टरीणबाई, आपण रिपोर्ट लिहिलात, माणूस लिहिला नाहीत. तो किती तास उभा असतो? घाम कशाने पुसतो? कामाचे कपडे वाळल्यावर कसे दिसतात?’

मला जरा लागलं. वीस वर्षं डॉक्टर आहे मी, आणि कपडे बघायला सांगतात! पण गेले. सलीमचा भट्टीवरचा अंगभर कव्हरऑल लॉकरमध्ये तसाच होता. निळ्या कापडावर पाठभर पांढरे नकाशे, एकात एक वर्तुळं. हात लावला तर खरखरीत. असे कपडे मी तिथे रोज बघत होते. पाहिले मात्र नव्हते. मी ते लिहून कळवलं.

शेवटचं उत्तर भाऊंनी फोटोने पाठवलं नाही. “सलीमच्या हातात कागदच पडला पाहिजे,” असा निरोप आला. सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाबरोबर तरी पत्र निघालं. तेरावा दिवस उजाडला तेव्हा ते क्लिनिकमध्ये पोचलं, सोबत सलीमच्या आईने दिलेली एक बरणी. सलीमने पत्र माझ्यासमोर उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

‘चि. सलीम, तुझ्या कामाच्या कपड्यावर पाठीला जे पांढरे दिसते ते चाटून पाहा. ते मीठ आहे. तुझ्या अब्बांच्या अंगात मीठ-पाणी अडकून बसत होते, म्हणून मी दार बंद केले. तुझे दार रोज सताड उघडे आहे आणि तू आत काही येऊ देत नाहीस. अब्बांचा चष्मा लावून तू भट्टीवर जाशील काय? मग त्यांचे पत्र का लावतोस? डॉक्टरीणबाई सांगतील तितके मीठ आणि पाणी घे. त्या पत्रावर मी नाव घातले नव्हते, ही चूक माझी. तुझे अब्बा नियम पाळत, तूही पाळतोस. शाबास. भाऊ.’

सलीमने पत्राची घडी घातली. मग त्याने सोबत आलेल्या रफिककडे पाहिलं.

“चाटून बघू का रे?”

“बघ की. अळणी मच्छीपेक्षा बरं लागेल.”

बरणीत मिठातल्या कैऱ्या होत्या. मी दोघांना दुपारच्या जेवणाबरोबर एकेक फोड घ्यायला सांगितलं. सलीमने डोळे मिटून खाल्ली. चार महिन्यांनी मीठ जिभेला लागत होतं.

दोन हफ्त्यांची मुदत संपली तेव्हा मी रिपोर्ट पुन्हा करायचे म्हणून जासिमकडे आणखी एक आठवडा मागितला. कुरकुरत दिला. रिपोर्ट सुधारले आणि मी सही केली. उरलेला सबंध उन्हाळा सलीम भट्टीवर होता. पडला नाही.

“कौन सा दवा दिया?” जासिमने विचारलं.

“चिठ्ठी.”

“कौन सी कंपनी की?”

मी सांगत बसले नाही.

औषधाच्या बाटलीवर रोग्याचं नाव आणि मुदत असते. सल्ल्यावर आम्ही काहीच लिहीत नाही, आणि औषधापेक्षा सल्ला जास्त टिकतो. आता माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर मी हे दोन्ही लिहिते.

परवा सलीम नवं पत्र दाखवायला आला. तेही त्याने प्लास्टिकमध्ये बसवून आणलं होतं.

“मुलासाठी ठेवतो, मॅडम. पुढे कामाला येईल.”

मी कागद ओढून घेतला, लाल मार्कर उचलला आणि प्लास्टिकवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘फक्त सलीमसाठी.’