रघुनाथरावांचं गोदाम

जुन्या संगणकाच्या काळ्याभोर पडद्यावरच्या हिरव्या आकृत्यांना एक ओलसर, शेवाळी झळाळी असे. बघता बघता डोळ्यांना पाणी यायचं, तरी नजर हटायची नाही. पुण्यात बाबांच्या कचेरीत रविवारी शुकशुकाट असायचा. बाबा आपलं राहिलेलं काम उरकत आणि मी त्या पडद्यासमोर बसून 'गोदाम' नावाचा खेळ खेळे. एक चिमुकला हमाल, भोवती भिंती आणि काही पेट्या. पेट्या ढकलत ढकलत ठरल्या जागी न्यायच्या, इतकंच. पण पेटी पुढे ढकलता येई, मागे ओढता येत नसे. कोपऱ्यात जाऊन बसली की सारा डाव पुन्हा मांडायचा! ना शत्रू, ना संगीत, ना घाई. केवढी निर्मळ शांतता होती त्या खेळात! मी अडले की बाबा कामावरून उठून शेजारी येऊन बसत आणि मग आम्ही दोघंही घरी जायचं विसरत असू. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत कर्त्याचं नाव असे: रघुनाथ, बेंगळूर. माझ्या बालबुद्धीला तो कुणी दूरदेशीचा जादूगार वाटे.

पुढे नोकरीनं मला त्याच बेंगळुरात आणलं, आणि सर्जापूर रोडच्या गर्दीत मी त्या जादूगाराला पार विसरून गेले. परवा परवा, जुने खेळ जपून ठेवणाऱ्या कुणा हौशी माणसाच्या संकेतस्थळावर 'गोदाम' अवचित दिसलं. खेळताना क्षणभर वाटलं, आता बाबा शेजारी येऊन बसतील. पण ज्यांना ही बातमी फोन करून सांगावी, ते बाबा आता कुठे आहेत?

म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारी बसलेल्या सुमतीअक्कांना मी ती सांगितली. त्या बनशंकरीच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथंच रुजलेल्या मराठी घरातल्या. कर्त्याचं नाव ऐकताच त्यांच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"अगं, ते तर आमचे हेच की! कारखान्यातून आले की रोज बसून लिहायचे. फ्लॉप्या करून मित्रांना वाटल्या, मित्रांनी पुढे दिल्या. कुठवर गेल्या, काहीच कळलं नाही बघ. जेवताना मधेच मला विचारायचे, 'कुणी खेळलं असेल का गं?' मी काय सांगणार?"

"मी खेळले ना, अक्का! मी येते, मीच सांगते त्यांना."

त्या हसल्या, पण ते हसू ओठांपाशीच थांबलं. "सरी, बरं, जरूर ये. पण स्वल्प उशीर झाला गं. आता कधीकधी त्यांना माझंसुद्धा नाव आठवत नाही."

तरीही मी गेले. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले रघुनाथराव खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. चेहऱ्यावर एक प्रसन्न, निर्विकार मार्दव. वाटेत मनाशी घोळवलेलं सारं मी सांगून टाकलं.

"काका, लहानपणी पुण्यात मी तुमचा खेळ खेळायचे. माझे बाबाही खेळायचे. आमचे रविवार तुमच्यामुळे फार सुखाचे गेले."

"हो का? छान, छान," ते म्हणाले, परक्याची खुशाली ऐकावी तसे.

मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांची कृश बोटं कळांवर चाचपडत फिरली आणि पाहता पाहता पेटी कोपऱ्यात अडकली. "अय्यो! मागे ओढता येत नाही होय? माणूस चुकायचाच की गं," ते कळवळून म्हणाले. पण खेळ त्यांनी सोडला नाही. डाव पुन्हा मांडला, पुन्हा अडकले, पुन्हा मांडला. आणि अखेर साऱ्या पेट्या जागेवर बसल्या, तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला की दारातल्या सुमतीअक्का हातातली कॉफी विसरून बघतच राहिल्या.

"हा खेळ तू केलास?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो काका, तुम्ही केलात."

माझी थट्टा ओळखल्यासारखे ते हसले. "मला कुठलं जमायला! फार सुंदर केलायस हं." आणि त्यांनी माझ्या मस्तकावर हात ठेवला.

काय करायचं त्या आशीर्वादाचं? जी कृतज्ञता ज्यांच्या ओंजळीत घालायला मी आले होते, तेच ती निरागसपणे माझ्या ओंजळीत घालत होते! माझं नसलेलं ते कौतुक मी मान लववून घेतलं. नाकारून त्यांचा आनंद मोडणं मला जमलं नाही.

सुमतीअक्का मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू पुण्याचं सांगितलंस ना, ते मी ऐकलं हं. त्यांच्या वाटचं."

मी मान हलवली. आत खिडकीशी ते पुन्हा रस्त्याकडे बघत बसले होते. शब्द उशिरा पोचले तरी कुणीतरी ते घ्यायला दाराशी उभं असतं, हे खरं. पण ज्याच्यासाठी ते निघालेले असतात, त्याला एकदा, फक्त एकदाच, ते ऐकू यायला हवे होते!