एका मॅनहोलच्या दोन उंच्या

म्हात्रेंच्या ड्रॉइंगप्रमाणे सोसायटीचं सांडपाणी चढ चढून जाणार होतं. माझ्या ड्रॉइंगप्रमाणे तेच पाणी आरामात उताराने त्यांच्या मॅनहोलमध्ये पडत होतं. मॅनहोल एकच, रस्ता एकच. टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी पसरलेले, आणि दोन शहरांचे साहेब समोरासमोर बसलेले.

जागा मुलुंडची, चेकनाक्याजवळची. रस्त्याच्या अलीकडे आमच्या शहराची हद्द संपते, पलीकडे दुसरं शहर सुरू होतं. मी आमच्या बाजूची ड्रेनेजची इंजिनिअर, म्हात्रे पलीकडच्या पालिकेचे. सोसायटी आमच्या हद्दीत. पण आमची ड्रेनेज लाइन तिथून लांब आणि उंचावर. तिथवर मैला न्यायचा तर पंप हवा, आणि एका इमारतीसाठी पंप कोणी मंजूर करत नाही. म्हणून इमारत अजून सेप्टिक टँकवर. पलीकडच्या शहराची लाइन मात्र रस्ता ओलांडला की लगेच. मैला त्यांनी घ्यायचा, त्याचे पैसे आम्ही भरायचे, असं दोन्हीकडे तत्त्वतः ठरलं होतं.

टँक भरला की पहिला त्रास तळमजल्याला. तिथे गावडे काकू राहतात, एकट्याच. गुडघे गेलेले. मैल्याचं पाणी त्यांच्या मोरीतून उलटं वर येतं. मी पाहणीला गेले तेव्हा त्यांनी मोरीच्या जाळीवर चक्क पाटा ठेवलेला, वर वरवंटा. मी लाइन, उतार वगैरे समजवायला लागले तर मला मध्येच तोडून म्हणाल्या, "माका तुमचा लेव्हल-बिव्हल काय कळना नाय. मोरीतला पाणी वर येता, तां बंद करा."

मीटिंगमध्ये ते बंद होण्याची चिन्हं दिसेनात. आमचे साहेब माझ्या कानाशी कुजबुजले, की त्यांना मैला घ्यायचाच नाही, म्हणून मॅनहोल कागदावर वर उचललंय. म्हात्रेंचे साहेब मोठ्यानेच म्हणाले, की तुम्हाला आमच्या माथी मारायचंय, म्हणून तुम्ही ते खाली ढकललंय. करार तिथेच मोडायला आला.

माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. दोन ड्रॉइंगमधला फरक होता वीतभर. खोटंच बोलायचं तर माणूस मोठं बोलेल, वीतभर कशाला? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील गिरणीत, आणि गिरणी गेल्यावर वॉचमन. डिग्री मला फुकट मिळालेली नाही, त्यामुळे न समजलेल्या आकड्यावर मी सही करत नाही. मी आठवडाभराची मुदत मागितली.

"आठवड्याने काय मॅनहोल हलणारे?" आमचे साहेब म्हणाले.

"मॅनहोल नाही, साहेब. आकडा हलेल."

आता थोडं शाळेसारखं. पाइपाच्या आतल्या तळाच्या उंचीला आम्ही इन्व्हर्ट लेव्हल म्हणतो. मैला स्वतःच्या वजनाने वाहतो, म्हणून सगळा खेळ या उंचीवर. पण उंची कशापासून? पलीकडचं शहर समुद्रसपाटीला शून्य धरतं. आमच्याकडे इंग्रजांच्या काळापासून शून्य समुद्राच्या कितीतरी खाली आहे. त्यामुळे आमच्या हिशोबात जुहूची चौपाटीसुद्धा डोंगरावर. दोन शहरांचे आकडे जुळवायचे तर एक ठरलेली संख्या वजा करायची. आणि प्रत्येक शहराचे आपापले बेंचमार्क, म्हणजे उंची पक्की माहीत असलेले दगड. तिथून मोजत मोजत पुढे यायचं.

मी म्हात्रेंना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, आमचा आकडा बरोबर आहे."

"माझाही बरोबर आहे, म्हात्रेसाहेब. तोच तर प्रॉब्लेम आहे."

ते हसले. तिथून काम सुरू झालं.

दोघांनाही समुद्राशी देणंघेणं नव्हतं. हवा होता फक्त सोसायटीचं चेंबर, म्हणजे इमारतीचा मैला जिथे गोळा होतो तो खड्डा, आणि मॅनहोल यांच्या तळांमधला फरक. पण त्यांना आमच्या मशीनवर भरवसा नाही, आम्हाला त्यांच्या. म्हणून मी गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणायचं सुचवलं. नळीत पाणी भरा, दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीला येऊन थांबतं. तिथून खाली दोन्ही तळांपर्यंत मोजलं की फरक कळतो. पाण्याला कुठल्याच पालिकेचा पगार नाही.

म्हात्रे त्यांच्या मॅनहोलपाशी उकिडवे बसले, मी सोसायटीच्या चेंबरपाशी. मध्ये रस्ताभर नळी आणि दोन्ही बाजूंना थांबलेल्या रिक्षा. एक रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, दोन्ही शहरांत मिळून एकच नळी आहे काय?" पहिलं माप भलतंच आलं. बघितलं तर नळीत हवेचा बुडबुडा. झटकून पुन्हा घेतलं, मग जागा बदलून पुन्हा.

उत्तर दोन ड्रॉइंगच्या मधोमध निघालं. नंतर शोधलं तेव्हा कळलं, की आमच्या कन्सल्टंटने वजा करायच्या आकड्यात घोळ केला होता. आणि म्हात्रेंचा बेंचमार्क होता नाल्यावरच्या एका जुन्या पुलाच्या कठड्यावर. पूल नव्याने बांधला, दगड हलला, कागदावरची उंची तशीच राहिली. दोघेही प्रामाणिकपणे चुकलो होतो, तेही उलट्या दिशांना.

म्हणजे उतार होता. पण इतका बारीक, की पाणी पुढे गेलं असतं आणि मैला मागे राहिला असता. महिन्याभरात लाइन चोक. म्हात्रे म्हणाले, "मॅडम, आमचं मॅनहोल मी खाली नेऊ शकत नाही." त्यांचं बरोबर होतं. खालची सगळी लाइन त्यांनाच उकरावी लागली असती. मग उरला एकच उपाय: सुरुवात उचलायची. सोसायटीचं चेंबर वर घ्यायचं, आणि त्यासाठी तळमजल्याची मोरी आणि संडास एक पायरी उंच करायचे.

ते सांगायला आम्ही दोघे काकूंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोन शहरांचो समझोतो, आणि पायरी चढूची माझ्या गुडघ्यांनी?"

काकूंनीच तोडगा काढला. एकाऐवजी दोन बुटक्या पायऱ्या, आणि धरायला भिंतीत दांडी. तशा नसतील तर मोरीला हात लावू देणार नाही. म्हात्रेंनी तिथल्या तिथे स्केच काढलं, आणि ते मी करारात जोडून घेतलं. करार पुन्हा लिहून यायला आणखी एक आठवडा गेला; साहेब वैतागले, पण सही केली. करारात समुद्रापासूनची उंची कुठेच नाही. चेंबरच्या तळापासून मॅनहोलच्या तळापर्यंतचा फरक, एवढंच.

लाइन जोडून पावसाळा गेला. काकूंच्या मोरीत पाणी वर आलेलं नाही. पायऱ्यांबद्दल त्या अजून बोलतात.

समोरचा खोटं बोलतोय असं ठरवण्याआधी तो कुठून मोजतोय हे विचारावं, हे मी तेव्हा शिकले. आणि करारातली पायरी ज्याच्या घरात बांधायची, त्याला पहिल्या मीटिंगलाच खुर्ची द्यावी. आठवडा वाचतो.