तेलवाल्या मॅडम

कुणीही भेटलं की मॅडम आधी विचारायच्या, "घरात तेल कुठलं?" तब्येत, मुलंबाळं हे सगळं नंतर. रोह्याच्या आमच्या कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्र शिकवत आणि या सवयीमुळे त्यांचं नाव तेलवाल्या मॅडम पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, पण त्या त्याचं वाईट वाटून घेत नसत.

तरुणपणी मुंबईत त्यांनी उंदरांवर संशोधन केलं होतं. काही उंदरांच्या खाण्यात खोबरेल घालायचं, काहींच्या करडईचं तेल, काहींच्या माशाचं. मग त्यांच्या शरीरात कुठे कुठली स्निग्धाम्लं साठली ते तपासायचं. हे सांगताना त्या फळा सोडून थेट आमच्या बाकांपाशी येत. "चरबी आणि यकृत तुम्ही खाल तसे बदलतात, तेही थोड्याच आठवड्यांत. मेंदू तसा नाय. माशाच्या तेलातलं त्याला लागतं ते तो धरून ठेवतो. पण एकदा का ते कमी झालं, की भरून यायलाही फार वेळ घेतो."

रोह्याला लागूनच असलेल्या वरशाला त्या एकट्याच राहत. लग्न केलं नव्हतं. जवळचं माणूस एकच, पेणला राहणारे थोरले भाऊ. मॅडम त्यांना भाईजान म्हणत. उमेदीची सगळी वर्षं आखातात काढून त्यांनी या बहिणीला शिकवलं होतं. आता त्यांची बायको हयात नव्हती, मुलगा आखातात होता आणि घरात सांभाळायला एक बाई होती. मी शेवटच्या वर्षाला असताना भाईजान विसरायला लागले. आधी घरची वाट, मग मुलाचं नाव.

दर रविवारी मॅडम तारल्यांचं कालवण डब्यात घेऊन पेणला जात. माझं गाव जिते, पेणच्या पुढचंच. एका रविवारी घरी जाताना मी त्यांच्यासोबत पेणला उतरले. भाईजान पडवीत बसले होते.

"तू कोण गो?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"तुमची बहीण."

"माझी बहीण लहान हाय. शाळंत जाते."

मॅडम तारलीचे काटे काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्हय, अजून शाळंतच जाते मी."

भाईजान हसले आणि त्यांच्या हातून जेवले.

नंतर स्टेशनवर आपापल्या गाडीची वाट बघताना मी विचारलं, "मॅडम, माशांनी फरक पडेल ना?"

"नाय. गेलेलं परत आणायची ताकद त्यात नाय. हे मला नाय कळणार तर कोणाला?"

"मग?"

"त्यांना आवडतात."



भाच्याने तिकडून माशाच्या तेलाच्या गोळ्यांच्या बाटल्या पाठवल्या होत्या. "फुप्फी, तुमच्याच विषयातलं हाय. रोज देत जा," असं तो फोनवर आत्याला म्हणाला. मॅडमनी त्याला सरळ सांगितलं, "गोळ्या नको पाठवू. तू ये." त्याला सुट्टी मिळाली नाही. तो आला तेव्हा भाईजानना दफन करून दोन दिवस झाले होते.

आखातात परत जाण्याआधी तो वरशाला आला. मीही तिथेच होते. तो म्हणाला, "माझ्याकडं चला. इथं आता कोण हाय तुमचं?"

"तिथं तरी माझ्याशी बोलणार कोण? तुम्ही दोघं कामावर, पोरं शाळेत."

"आणि इथं?"

"इथंपण कोणी नाय. पण इथली सवय झालीय."

त्याने पुन्हा आग्रह केला नाही.

मी आता पनवेलला शिकवते. मॅडम निवृत्त झाल्या, अजून वरशालाच असतात. संध्याकाळी जमेल तेव्हा मी फोन करते. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत त्या उचलतात आणि म्हणतात, "जरा कामात होते गो."