जिन्यावरून आलेला आवाज

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर चेष्टा करत आलो. तुम्ही माझी केलीत तर तक्रार नाही. पण जे घडलं ते असं...

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मी फणसवाडीत राहायचो, फोर्टमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. गिरगावात एका इंग्रज व्यापाऱ्याने बांधलेलं घर होतं — थेट लंडनच्या गल्लीतून उचलून आणल्यासारखं. चिंचोळं तोंड, तीन मजले, वरखाली सरकणाऱ्या उंच खिडक्या, दारावर अर्धगोल काच. आणि आत तो जिना! दगडी, गोल वळत जाणारा. एका बाजूला भिंत, खाली ना खांब ना कमान. पायऱ्या हवेत उभ्या आहेत असं वाटायचं.

घर मुलींच्या एका शाळेने घेतलं होतं. जिन्याच्या भिंतीत वर्गासाठी नवं दार पाडायचं होतं. आमचे प्रधानसाहेब विलायतेत शिकलेले. म्हणाले, "आत लोखंडी गर्डर असणार, सगळा जिना त्यावरच तोललाय, भिंत खुशाल फोडा. गोऱ्या कारागिरांचं काम आहे ते. आपल्या लोकांना असला जिना जमला असता का?"

मला ते लागलं. पण नोकरी नवी होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी आणि ऑफिसातला मदतनीस, लालबागचा मालवणी सावंत, मापं घ्यायला गेलो. मी खाली टेप धरून उभा, सावंत टेपचं टोक घेऊन वर, वळणापलीकडे. बाहेरून मोर्चाच्या घोषणा ऐकू येत होत्या. वरून माप आलं — "दीड हात, चार बोटां."

"सावंत, फूट-इंचात बोल रे!" मी हसून ओरडलो.

टेप ताठ होती. पलीकडून कुणीतरी घट्ट धरलेली.

"भिंतीक हात लावू नको," आवाज म्हणाला. "पायरी वीतभर आत गेली आसा. सगळो भार थंयच आसा."

मी वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात मागे, रस्त्याकडच्या दारातून सावंत आत आला — घामाघूम, हातात कागदी झेंडा.

"सॉरी हां. मागच्या जिन्याने उतरून मोर्चा बघायला गेलो. टोक वर कठड्याला अडकवून ठेवलंय."

हातातली टेप एकदम सैल पडली. आम्ही दोघं धावत वर गेलो. टोक जमिनीवर पडलं होतं. तिन्ही मजले पाहिले... कुणी नव्हतं.

ऑफिसात मी साहेबांना म्हणालो, "भिंत फोडायच्या आधी एक दगड काढून बघू या."

"कशावरून?"

आवाजाचं कसं सांगणार? "माझी खात्री आहे. चुकलो तर राजीनामा देतो."

साहेबांनी टोपी चढवली, सावंतलाही बोलावलं. मग स्वतः आले. वर्गाच्या बाजूने एक दगड काढला. आत गर्डर नव्हता. पायरीचं टोक भिंतीत शिरलेलं — पट्टी लावली, नऊ इंच. बरोबर वीतभर! पुढे दार पाडलं असतं तर अख्खा जिना मुलींच्या अंगावर आला असता.

आणि त्या टोकावर, भिंत चढवल्यापासून कुणालाच दिसलं नसेल अशा जागी, छिन्नीने कोरलेलं नाव होतं — भिवा.

सावंतचे डोळे भरून आले. "आपलो माणूस रे," एवढंच म्हणाला. मुंबई कुणाची, म्हणून बाहेर रोज घसे सुकत होते... मी त्या अक्षरांवरची चुन्याची धूळ बोटाने पुसली.

साहेबांनी टोपी काढली. दार दुसऱ्या भिंतीत नेलं. नकाशा पूर्ण झाल्यावर मी खाली 'मूळ आर्किटेक्ट अज्ञात' असं लिहिलं, तर त्यांनी पेन मागून घेतलं आणि पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं — 'जिना : भिवा पाथरवट, मुंबई.'

शाळा अजून आहे. मुली त्याच जिन्यावरून धावतात.

वर टेप कुणी धरली होती, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.