सोलापूरचा कोंगो, टेक्सासचा रफाएल

सन २०२५. ऑगस्टचा पहिला आठवडा. सोलापुरात श्रावण लागलेला, जर्मनीत उन्हाळा म्हणतात तो चालू, आणि माझ्या अंगात स्वेटर!

मुलगा महेश कायझर्सलाउटर्नला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्याकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर गेलो होतो. गप्प बसायचं, फिरायचं, परत यायचं, असं ठरवून गेलो. पण किस्से म्हणजे देवळाबाहेरच्या चपला. एक जोड पडला की बघता बघता ढीग होतो.

माझा सगळा ढीग एकाच दारात पडला. महेशच्या घरामागे एक हॉल आहे. गावाशेजारी अमेरिकन लष्कराचा मोठा तळ. त्यातली काही मंडळी दर शनिवारी दुपारी त्या हॉलमध्ये वाजवायला जमतात. त्यांचा म्होरक्या रफाएल. टेक्सासचा, आईबाप मेक्सिकोचे. फौजेतून रिटायर झाला आणि इथेच राहिला.

माझंही सांगून टाकतो. मला सगळे तात्या म्हणतात. शिक्षण सातवी. दिवसा चादरीच्या कारखान्यात, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात. वीस-एक वर्षं बोंगो-कोंगो वाजवला. पोस्टरवर नाव असायचं.

*

पहिल्याच शनिवारी नात सईबरोबर दूध आणायला निघालो. हॉलमधून आवाज आला आणि पाय थांबले. कोंगो! सरळ आत गेलो.

सईला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून जर्मन येतं. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहितो. परक्यांशी माझं बोलणं तीच जुळवून द्यायची.

मी म्हणालो, "विचार त्याला, हे वाद्य मुंबईहून मागवलं का?"

रफाएल म्हणाला, "हे मूळचं क्यूबाचं. तिथून न्यूयॉर्क, तिथून टेक्सास."

"सांग त्याला, आमच्याकडे हे हिंदी सिनेमातून आलं!"

सईने सांगितलं. तो काहीतरी बोलला.

"आजोबा, ते विचारतायत, सिनेमात कुठून आलं?"

मी म्हणालो, "चल, दूध आणायचंय."

*

पुढच्या शनिवारी मी स्वतःहून गेलो. मला वाटलं, आता कोंगो पुढे करतील. रफाएलने हातात दोन लाकडं दिली. टिपऱ्यांपेक्षा आखूड, जाड. एकावर एक मारायची. नवीन माणसाला हेच देतात म्हणे!

पाच ठोके असतात, पण सरळ पडत नाहीत. एक लवकर, एक उशिरा. माझा हात आपोआप समेवर जायचा आणि सगळ्यांचं गाडं घसरायचं.

रफाएल म्हणाला, "डॉन तात्या, तुम्ही दार वाजवता तेव्हा आम्ही अजून जिन्यात असतो."

'डॉन' ऐकून मला वाटलं गुंड म्हणतोय. सईने सांगितलं, त्यांच्यात थोरामोठ्यांना असंच म्हणतात. मग ठीक आहे. पण जिन्याचं वाक्य लागलं.

घरी डायनिंग टेबलावर चमच्याने सराव सुरू केला. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची जर्मन आजीबाई दारात उभी! सत्तरीची, पांढरे केस, कपाळाला आठ्या. सूनबाई घाबरली. "तात्या, आता ही तक्रार करणार!"

बाई आत आली. माझ्या हातातला चमचा घेतला. टेबलावर पाचही ठोके बरोब्बर वाजवून दाखवले, म्हणाली, "असं!" आणि निघून गेली.

ती दर बुधवारी साल्सा नाचाच्या क्लासला जाते.

*

एकदा रफाएलची बायको लुपे हिने मोबाइलवर एक जुनी चाल लावली. मी ताडकन उठलो. आमच्या ऑर्केस्ट्रात मध्यंतरानंतर हीच चाल व्हायची! निवेदक ओरडायचा, "आता खास तरुणांसाठी, इंग्लिश आयटम!" बेलबॉटम घातलेली पोरं खुर्च्यांवर चढायची. शब्द कुणालाच कळत नव्हता. गायकालाही नाही.

लुपे हसली. "इंग्लिश कुठलं, स्पॅनिश आहे, आमचं आहे ते! पण अमेरिकेतल्या पोरांनाही ते अमेरिकनच वाटायचं."

मग म्हणाली, "माझ्या आईच्या शाळेत, टेक्सासात, कार्यक्रम असला की सगळी गोरी पोरं ह्याच्यावर नाचायची. आणि आई वर्गात स्पॅनिश बोलली की मास्तर हातावर पट्टी मारायचे."

"नाचलं तर चालतं, बोललं तर पट्टी?"

"हो."

"आणि आता?"

तिने कोपऱ्याकडे बोट केलं. सई, लुपेची मुलगी मारिसोल आणि त्यांच्या वर्गातल्या दोन सोनेरी केसांच्या जर्मन पोरी मोबाइलमधलं नवं अमेरिकन गाणं म्हणत होत्या. तोंडपाठ. आणि सगळं स्पॅनिशमध्ये!

"आता त्या मास्तरांची नातवंडंही हेच गातात," लुपे म्हणाली. "उच्चार चुकला तर मी ओरडते. पट्टी मात्र ठेवत नाही."

*

सई कानात मोठाली वळी घालून आली. एवढी मोठी की खांद्याला टेकत होती.

मी म्हणालो, "बांगड्या हातात घालतात."

सूनबाई मानसी म्हणाली, "सई, ही अमेरिकन फॅशन आपल्या घरात नको हं!"

सई रडवेली होऊन हॉलवर गेली. मागोमाग आम्ही दोघं. लुपेच्या कानात तशीच वळी! ती मानसीला म्हणाली, "अमेरिकन नव्हे, ही माझ्या आजीची फॅशन. मी शाळेत घालून गेले की काढायला लावायचे. आता सगळ्या पोरी घालतात, तर फॅशन झाली." असं म्हणून तिने स्वतःच्या कानातली काढून मानसीच्या कानात घातली.

सोमवारी मानसी ती घालून ऑफिसला गेली.

मी सुनेला काही बोलत नाही. त्यामुळे सईला टोकणंही बंद करावं लागलं.

*

आता गणपतीचं. तिथी बुधवारची होती, पण जर्मनीतला गणपती शनिवार बघून येतो. युनिव्हर्सिटीतल्या आपल्या पोरांनी त्याच हॉलमध्ये दीड दिवसाचा बसवला. पुढारी ओंकार, नांदेडचा, पीएचडी करतो. रविवारी विसर्जन. हॉलमागे पाण्याने भरलेला टब.

रविवारी इथे आवाज करायचा नसतो. हॉलच्या व्यवस्थापक केसलरबाईंनी दारं लावून, सहा वाजेपर्यंत, अशी परवानगी दिली होती. ढोल-ताशाचं पथक दुसऱ्या गावाहून येणार होतं. चार वाजता फोन आला, त्यांची गाडी ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, बंद पडली!

ओंकारने मोबाइलवर आरत्या लावल्या. लहान मुलं भिंतीला टेकून बसली. मी खुर्चीत बसून मान खाली घातली. बाप्पाला आयुष्यात कधी असं मुकं पाठवलं नव्हतं.

सईने कुणालातरी फोन केला. पाचच्या सुमारास दार उघडलं. रफाएल, आणि त्याच्या मागे सगळी मंडळी, कोंगो डोक्यावर घेऊन! "डॉन तात्या, तुम्ही सुरू करा, आम्ही पाठीमागे येतो."

मी आपला ठेका धरला. त्यांनी खाली आपला सोडला, ज्याच्यावर हल्ली जगभरची पोरं नाचतात तो. दोन्ही असे बसले की ओंकारचा सदरा फाटला तरी त्याला कळलं नाही! सहा वाजले. केसलरबाई घड्याळाकडे बघत आल्या. आम्ही हात थांबवले.

बाई म्हणाल्या, "आल्झो... बरं, अजून पाच मिनिटं."

मागून मारिसोलने सईला सांगितलं. त्या दिवशी रफाएलच्या जुन्या फौजी मित्रांचा मेळावा होता. वर्षातून एकदाच भेटतात. तो अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवून आला होता.

मी कुणाचं देणं कधी ठेवलेलं नाही. हे ओझं घेऊन विमानात बसायचं नाही, असं ठरवलं. विमान ऑक्टोबरअखेरीस होतं.

*

पुढच्या शनिवारी रीतसर सत्कार केला. शाल, टोपी, नारळ. रफाएलने शाल घेतली, टोपी घातली, नारळ कानाशी नेऊन हलवला आणि आतलं पाणी ऐकून त्यांच्यातल्या खुळखुळा वाजवणाऱ्या बाईकडे दिला. "बघ, हा जमतो का!"

सोबत मानसीने पुरणपोळ्यांचा डबा दिला होता. मला वाटलं, झालं, फिटलं.

सोमवारी डबा परत आला. आत मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेलं काहीतरी, गरम. फारच चांगलं होतं! आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. मानसीने शेंगदाण्याची चटणी भरली. बुधवारी लुपेने त्यात मिरच्यांची चटणी पाठवली. त्यांच्यातही रिकामा परत करत नाहीत! मग धपाटे. मग भाताची खीर. मग अनारसे.

महेश म्हणाला, "तात्या, थांबवा हे! फ्रीजचं दार लागत नाहीये!"

"आधी त्यांनी थांबवावं."

सई म्हणाली, "आजोबा, तुम्ही फेडताय की वाढवताय?"

मी डबा पुसायला घेतला. ऑक्टोबर लागला होता.

*

ऑक्टोबरात मारिसोलला पंधरावं लागलं. त्यांच्यात मुलीचं पंधरावं म्हणजे लहान लग्नच. केकचा मान एकाचा, मुकुटाचा दुसऱ्याचा, बुटांचा तिसऱ्याचा. नात्यातले एकेक गोष्ट अंगावर घेतात.

मी रफाएलकडे गेलो. "माझ्याकडे काय?"

"सगळं वाटून झालं, डॉन तात्या. तुम्ही फक्त जेवायला या."

"जेवायला कुणीही येतं!" म्हणालो आणि घरी आलो. विमानाला आठवडा राहिला होता.

समारंभाच्या आदल्या दिवशी रफाएल पताका लावताना शिडीवरून पडला. घोट्याला प्लॅस्टर!

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल भरला. मारिसोल गुलाबी घेरदार झगा घालून, डोक्यावर मुकुट. त्यांची रीत अशी: बापाने मुलीच्या पायातली सपाट चप्पल काढायची, उंच टाचेचे बूट घालायचे आणि पहिला नाच तिच्याबरोबर नाचायचा. मग ती मोठी झाली.

रफाएलने खुर्चीत बसूनच मुलीला बूट घातले. बाजा सुरू झाला. तो उठायला गेला. लुपेने खांदा दाबून खाली बसवला. पुन्हा उठला, पुन्हा बसवला. आजोबा टेक्सासात, काका-मामा टेक्सासात. पोरीच्या वर्गातली मुलं आपल्याच बुटांकडे बघत उभी. एवढ्या मोठ्या फरशीवर मारिसोल एकटी, आणि तिची हनुवटी थरथरायला लागली.

रफाएलने हॉलभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

मी नाचत नाही. नाचवणाऱ्याने नाचायचं नसतं. महेशच्या वरातीत सोयऱ्यांनी हात धरून ओढलं, तेव्हा हात झटकून गाडीत जाऊन बसलो होतो. विहीणबाईंनी महिनाभर अबोला धरला. महेश समोरच्या टेबलावर होता. त्याला सगळं आठवत असणार.

मी सईला विचारलं, "किती मात्रांचं आहे?"

"तीन."

"हात कुठे ठेवायचा?"

तिने दाखवलं. मी स्वेटर काढून तिच्याकडे दिला आणि फरशीवर गेलो.

महेशने मोबाइल वर केला. मी नुसतं बघितलं. त्याने खाली ठेवला.

पोरीने माझा हात घट्ट धरला. पहिल्या फेरीत तिच्या नव्या बुटावर पाय पडला. दुसऱ्या फेरीत नाही पडला. रफाएल खुर्चीत बसून ताल धरत होता, प्लॅस्टरच्या पायाने. गाणं लांबलचक होतं. शेवटपर्यंत नाचलो.

मग तिला बापाच्या खुर्चीपाशी नेऊन उभी केली. रफाएलचे डोळे भरलेले. तो बोलायला लागला, "डॉन तात्या..."

"फिटलं," मी म्हणालो.