धुऱ्यावरचा पाला

माझी मोठी नणंद अकोल्याहून आमच्याकडे वलगावला आली ती पायाला प्लास्टर घालून, आणि भाजीच्या क्रेटमध्ये दोन कासवं घेऊन. जठारपेठेतल्या घरात ती एकटीच राहायची. ओट्यावरून पाय घसरला, घोट्याजवळचं हाड मोडलं आणि माझ्या नवऱ्यानं तिला उचलूनच आणलं. कासवं जमिनीवरची, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली. तिच्या यजमानांनी कधीकाळी पाळली होती. ते गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं, देऊन टाक कोणाला तरी. ताईंनी ऐकलं नाही. मोठीला ती थोरली म्हणायची, लहान होती ती धाकटी.

आमच्या मागच्या अंगणात विटांचा अडोसा करून त्यांना ठेवलं. मला वाटलं होतं कोबी, काकडी टाकली की झालं. पण ताईंनी पहिल्याच दिवशी खाटेवरून हुकूम सोडला, "कोबी-बिबी नाई. त्याइले रानचा पाला लागते."

मी गावातल्याच शाळेत शिकवत होते. सकाळी शाळेआधी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जायचं, पाला खुडायचा आणि ताईंच्या मांडीवर आणून ओतायचा. ती एकेक काडी निवडायची. पाथरी चालते, केना चालतो, एकदांडीची पानं-फुलं चालतात, हरळी कितीही. घोळ थोडी, रोज नाही. धोतरा, रुई, घाणेरी, गाजर गवत आणि तोडलं की पांढरा चीक येणारी दुधी यांतलं पानसुद्धा नको. पाथरीलाही चीक असतो, म्हणून मी गोंधळायचे. मग तिनं दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली. "आपन भाकरीसंगं खातो ते पाथरी. शंका आली त फेकून दे. उपाशी राह्यलं तं कासव मरत नाई."

ती वर्षं आमच्याकडे फार वाईट होती. पाऊस कधी यायचाच नाही, कधी काढणीला आलेल्या सोयाबीनवर कोसळायचा. निंदणाला बाया मिळत नव्हत्या, मिळाल्या तर परवडत नव्हत्या. त्यामुळे सगळं गाव तणनाशकावर आलं होतं. पाठीवरचे पंप सकाळपासून घुर्र करत असायचे. मला धाक होता तो एकाच गोष्टीचा. फवारलेलं तण लगेच जळत नाही. दोन-तीन दिवस ते तसंच हिरवंगार, टवटवीत दिसतं. म्हणून मी फक्त आमच्याच धुऱ्यावरचा पाला तोडायचे आणि तोही नवऱ्याला विचारून.

त्या दिवशी शाळेत तपासणी होती, मला लवकर जावं लागलं. नवरा म्हणाला, "पाला मी आनतो." दुपारी मी परतले तेव्हा ताई अंगणाच्या दारात खुर्चीवर बसली होती आणि थोरली केन्याच्या ढिगात तोंड खुपसून खात होती. धाकटी अजून कोपऱ्यातच होती. नवऱ्यानं पाला न निवडताच आत टाकला होता आणि तो तिथंच उभा होता. पाला सुरेख होता, कोवळा आणि लांब देठांचा. ताईंनी निवडायला एक जुडी उचलली आणि नाकाजवळ नेली. तिचा चेहराच बदलला.

"बाबू, हे कुठून आनलं?" तिनं भावाला विचारलं.

"धुऱ्यावरून. पलीकडच्या चाचाच्या वावराच्या बाजूनं चांगला वाढला होता."

मीही वास घेतला. फिनेलसारखा उग्र वास. मी ढीग ओढून घेतला, पण थोरलीच्या तोंडात अर्धं देठ लोंबत होतं आणि ती चावत होती.

ताई ओरडली, "औषध पोटात गेलं व! औषध गेलं पोटात!"

आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. आणि त्या वर्षांत गावात ही आरोळी उठली की तिचा अर्थ एकच असायचा. मिनिटभरात अंगण माणसांनी भरलं. कोणी मिठाचं पाणी घेऊन आलं, कोणी माझ्या नवऱ्याचे दोन्ही दंड घट्ट धरले आणि त्याच्या तोंडाचा वास घेऊ लागलं. तो म्हणत होता, "मी नाई, मी नाई." समोरचा ऑटोवाला गाडी चालू करूनच दारात उभा होता. मी विटांतून थोरलीला उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. नवऱ्याच्या दंडांवरचे हात सुटले.

कोणी हसलं नाही. ऑटोवाला म्हणाला, "बसा मॅडम, चाला."

पलीकडच्या शेताचे चाचा गर्दीत होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. "सूनबाई, कालच संध्याकाळी मारलं धुऱ्यावर. मले काय मालूम कोनी तोडन म्हनून." त्यांनी घरी धाव घेतली आणि तणनाशकाचा रिकामा डबा आणून माझ्या हातात दिला. "डॉक्टरले दाखवा."

अमरावतीला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डबा वाचला, थोरलीचं तोंड धुतलं, कोमट पाण्यात बसवलं. "गाईला काय करायचं ते माहीत आहे मला. यांचं सगळं सावकाश असतं, विषसुद्धा. आठवडाभर कळणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे घरी पाळता येत नाही. गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

हट्टानं सोबत आलेली ताई म्हणाली, "आधी तिले वाचवा. मंग काय करायचं ते करा माह्यं."

 पुढचे काही दिवस थोरली पाय आणि मान आत ओढून दगडासारखी पडून असायची. ताई सकाळ-संध्याकाळ तिला कोमट पाण्यात ठेवायची. नवरा शेतातून आला की आधी विटांकडे जायचा. बहीण त्याला काही बोलली नाही, तेच त्याला सोसेना. एकदा जेवताना ताट सरकवून म्हणाला, "बोल न काही, ताई."

"काय बोलू? तुले त्या दिवशी लोकाइनं धरलं, तवा मी कासव विसरून गेली होती," ती म्हणाली.

थोरलीनं मान बाहेर काढली ती शनिवारी सकाळी. मी जास्वंदाचं फूल पुढे ठेवलं. बराच वेळ ती नुसती बघत राहिली, मग पाकळीचा लचका तोडला. नवऱ्यानं चाचांना हाक मारली आणि ते कुंपणावरून वाकून ती खाताना बघत राहिले.

प्लास्टर निघाल्यावर ताईंनी स्वतःच वनखात्याच्या माणसांना बोलावलं. ते दंडाचं काही बोलले नाहीत. क्रेट उचलताना तिनं त्यांच्यातल्या तरुणाला थांबवलं, अंगणाच्या कडेला नेलं आणि वाकून पाथरी कोणती, दुधी कोणती, ते त्याला चीक काढून दाखवत बसली.